रॉबर्ट वॉकर मेला कधी?

बाप गेला त्याच्या तिसऱ्या आठवड्यात हॅमन जहागीरदाराच्या कचेरीत गेला आणि टोपी हातात धरून, भिंतीला टेकून बापाच्या नावाचा पुकारा व्हायची वाट बघू लागला. कुणाची मेंढरं जहागीरदाराच्या गवतात शिरली होती, कुणी शेजाऱ्याचं कुंपण रातोरात हातभर सरकवलं होतं, असली प्रकरणं आधी निघाली. मग पुकारणारा खाकरला आणि ओरडला, "रॉबर्ट वॉकर मयत! ओढ्याकाठचं घर आणि नऊ एकर. वारस असेल त्याने पुढे यावं!"

इतरांबरोबर हॅमननेही मान वळवून पाहिलं, की हा रॉबर्ट वॉकरचा वारस म्हणजे कोण. कुणीच पुढे येईना. हॅमनला त्या माणसाची कीव आली. घर आहे, जमीन आहे, आणि हे गाढव वेळेवर हजर नाही! कचेरी उठली, लोक पांगले, हॅमनही घराकडे निघाला. अर्ध्या वाटेवर आल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की ओढ्याकाठी घर एकच आहे आणि त्यात आपण राहतो.

पण बापाचं नाव तर जॉर्डन होतं. जन्मभर हॅमनची आई त्या माणसाला जॉर्डन म्हणत आली, गाव जॉर्डन म्हणत आलं. रॉबर्ट हे नाव घरात कधी कुत्र्यालासुद्धा ठेवलं नव्हतं.

वॉकर हे मात्र खरं. थॉर्नबेकच्या खोऱ्यात कापड तुडवणाऱ्याला वॉकर म्हणत. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं. ते दगडी कुंडीत घालायचं, वर मेणचट माती आणि गावभरच्या घरांतून गोळा केलेलं शिळं मूत ओतायचं, आणि अनवाण्या पायांनी तासन्‌तास तुडवायचं. मग ते आटतं, दाट होतं, पाऊस अडवतं. हॅमनचा बाप छत्तीस वर्षं तेच करत आला. वासाचं काय सांगावं! लहानपणी हॅमन दिसला की इतर पोरं नाक धरून "वॉकर, वॉकर" ओरडायची. त्याने त्या कुंडीत कधी पाय घातला नाही. दाढी फुटायच्या आत तो टेकडीपलीकडच्या एका माणसाकडे गेला आणि छपरं शाकारायला शिकला. वसंतापासून सुगीपर्यंत तो लोकांच्या छपरांवरच असे. वर वारा असतो, वास येत नाही. पलीकडच्या खोऱ्यात त्याला छप्परवाला हॅमन म्हणत, आणि ते ऐकलं की त्याची छाती फुगे. कचेरीला घराच्या धन्यानेच जायचं असा रिवाज, त्यामुळे बापाच्या हयातीत तिथली पायरी चढायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

वारसासाठी पुकारा तीनदा होतो, दर तीन आठवड्यांनी. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी आलं नाही तर जमीन जहागीरदाराकडे परत. दुसऱ्या खेपेला हॅमनने चूक केली नाही. वारस पुढे यावा म्हणताच तो जवळजवळ धावतच पुढे गेला.

"तू कोण?" कारभाऱ्याने विचारलं.

"हॅमन, सरकार. मेलेल्याचा मुलगा."

"कुठल्या मेलेल्याचा?"

"जॉर्डनचा."

कारकुनाने कातड्यावर लिहिलेल्या कुळांच्या यादीची गुंडाळी उलगडली आणि वरून खाली बोट फिरवलं. त्याला सर्दी झाली होती. प्रत्येक नावाला तो नाक ओढी. "जॉर्डन नावाचं कूळ नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हतं."

"अहो, पण माझा बाप त्या घरात छत्तीस वर्षं राहिला!"

"त्या घरात रॉबर्ट वॉकर राहत होता. गेल्या सुगीच्या कचेरीला हजर. त्याआधी हजर. त्याच्याही आधी हजर. मोठा नेमाचा माणूस. एकदाही चुकला नाही."

हॅमनला क्षणभर खरंच वाटलं, की आपल्या घरात आणखी एक माणूस राहत होता आणि इतक्या वर्षांत तो आपल्याला दिसला कसा नाही. त्याने मागे वळून पंचांकडे पाहिलं. बारा पंच, सगळे गावातले, सगळे ओळखीचे, त्यातल्या सात जणांची छपरं त्याने स्वतः शाकारलेली. बाराच्या बारा मूग गिळून आपापल्या बुटांकडे बघत होते. पंचांचा म्होरक्या म्हातारा ओडो. त्याला तर एकाएकी इतका खोकला आला की तो बाहेरच निघून गेला.

खिडकीपाशी पॉलिन उभा होता. ओढ्यावर जहागीरदाराची नवी गिरणी झाली होती. पाण्याचं चाक फिरलं की दोन लाकडी हातोडे आळीपाळीने कापडावर पडत, आणि माणसाच्या पायांचं दिवसभराचं काम दुपारच्या आत उरकत. ती गिरणी पॉलिन चालवी. सगळ्यांनी कापड तिथेच न्यावं असा हुकूम निघाला होता, तरी म्हाताऱ्या बायका लपूनछपून जॉर्डनकडेच यायच्या. हातोड्याला काय कळतं, म्हणायच्या, कापड कुठे दुखतंय ते पायाला कळतं. आता पॉलिनला गिरणीचा पाट लांबवायचा होता आणि पाट हॅमनच्या नऊ एकरांतून जाणार होता.

"घाई नाही, सरकार," पॉलिन गोड आवाजात म्हणाला. "अजून एक पुकारा आहेच की."

घरी येऊन हॅमनने आईला विचारलं, "आई, हा रॉबर्ट कोण?"

मॅगोटा चुलीपाशी ओटच्या भाकऱ्या उलटत होती. तिने मान वर केली नाही. "मला काय ठाऊक? असतील छप्पन्न रॉबर्ट."

"आपल्या घरातला म्हणतोय मी."

"आपल्या घरात जॉर्डन होता. तुझा बाप. कचेरीत जाऊन तेवढंच सांग. जॉर्डन."

"सांगितलं. तो त्यांच्या यादीतच नाही."

"मग घाला म्हणावं! कातडं संपलं का त्यांचं?" भाकरी जळली तरी तिचं लक्ष नव्हतं. "हे बघ हॅमन, जमिनीचं जे व्हायचं ते होऊ दे. पण तिथे त्याचं नाव घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस."

हॅमनची बायको इडोनी दारात उभी राहून ऐकत होती. तिला सहावा महिना चालू होता. "जमिनीचं व्हायचं ते होऊ दे?" ती म्हणाली. "सासूबाई, मग मी बाळंत कुठे होऊ? ओढ्यात?"

मॅगोटाने जळकी भाकरी बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली. हॅमनला काहीच समजेना. आई तशी व्यवहाराला पक्की. बाप गेला त्या आठवड्यात जहागीरदाराचा शिपाई आला आणि रिवाजाप्रमाणे घरातलं सर्वांत चांगलं जनावर, म्हणजे तांबडी गाय, सोडून घेऊन गेला. मागोमाग पाद्र्याच्या देवळातून माणूस आला आणि दोन नंबरचं जनावर, म्हणजे मेंढी, घेऊन गेला. कूळ मेलं की एक जनावर जहागीरदाराचं आणि एक देवळाचं, हे सगळ्यांनाच माहीत. तरी तेव्हा मॅगोटाने शिपायाशी भांडून भांडून त्याला घाम फोडला होता. आणि आता अख्खं घर जायची वेळ आली, तर ही म्हणते नाव घे!

पुढचे काही दिवस हॅमन गावात ज्याला त्याला विचारत सुटला. रॉबर्ट म्हटलं की लोकांना कामं आठवत. एकाची भट्टी विझत होती, एकाची बायको हाका मारत होती, एका बाईने तर चालती बोलती असताना बहिरी झाल्याचं सोंग घेतलं. शेवटी तो चिडून म्हाताऱ्या ओडोच्या वाड्यावर गेला. ओडो एका मेंढीला उताणी पाडून तिची खुरं कापत बसला होता. मेंढी टाकून त्याला पळता येणार नव्हतं.

"ओडोकाका, आता खोकायचं नाही," हॅमन म्हणाला. "रॉबर्ट वॉकर कोण?"

ओडोने मेंढीकडे पाहिलं, हॅमनकडे पाहिलं. मग सुरी बाजूला ठेवली.

"महामारीत मेला," तो म्हणाला. "एका आठवड्यात. तो, बायको, तिन्ही पोरं. तेव्हा मी गावाचा मुकादम होतो. मुडदे नेणारी गाडी मीच बोलावली."

"म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वी?"

"हो."

"आणि गेल्या सुगीला कचेरीत हजर होता?"

"हो," ओडो म्हणाला. त्याचाच त्याला वैताग आला होता. "ऐक तरी. रॉबर्टला नेलं तेव्हा कुंडीत कापड तसंच पडलेलं. माझंच होतं. अर्धवट तुडवलेलं कापड तसंच पडलं की कुजतं. मी दोन दिवसांनी धीर करून ते काढायला गेलो, तर आत एक तरणा माणूस पाय उघडे करून तुडवतोय. मी दारातनंच म्हटलं, कोण रे तू? म्हणाला, दार उघडं होतं. म्हटलं, आजारी आहेस? म्हणाला, घरचे सगळे होते, मी नाही. म्हटलं, हे काम येतं तुला? म्हणाला, पाय आहेत."

"माझा बाप?"

"तुझा बाप. कापड काय तुडवलं होतं! अजून घालतो मी ते थंडीत." ओडोने नाक पुसलं. "मग कचेरी भरली. जुना कारभारी मेलेला, कारकून मेलेला. नव्यांना गावातलं काळं कुत्रं माहीत नाही. त्यांनी जुनी यादी घेतली आणि वाचत सुटले. अरे, तीस घरांची जहागिरीची वेठ आणि आम्ही उरलो होतो अकरा. मेला म्हटलं की त्या घराची वेठ बाकीच्यांच्या बोकांडी. तुझा बाप माझ्या शेजारी उभा होता. रॉबर्ट वॉकर पुकारलं, आणि मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं."

"आणि?"

"तो म्हणाला, हजर."

मेंढी ओरडली. दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"एकदाच म्हणायचं होतं रे," ओडो काकुळतीला येऊन म्हणाला. "पण पुढच्या कचेरीला पुन्हा पुकारलं! एकदा हजर असलेला माणूस त्याच्या आधीच मेला होता, हे सांगायचं कसं? मग तो येतच राहिला. वेठ करत राहिला. आम्हालाही सवय झाली. गावात जॉर्डन, कचेरीत रॉबर्ट. मरेपर्यंत चाललं. पण तो मरेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही बघ."

हॅमनचं डोकं गरगरत होतं. "मग मी कोण, काका? रॉबर्टचा मी कुणी नाही. आणि जॉर्डन म्हणावं तर तो यादीत नाही, तो कुठून आला तेही कुणाला ठाऊक नाही. माझा बाप होता तरी कोण?"

"वॉकर होता."

"ते काम झालं!"

"आम्हाला तेवढंच माहीत आहे," ओडो म्हणाला आणि मेंढीचा पाय पुन्हा हातात घेतला.

त्यावर हॅमनने दोन दिवस विचार केला. त्यातून एकच सरळ वाट दिसत होती. खोटं बोलायचं. रॉबर्ट याच वर्षी मेला, जॉर्डन हे त्याचं लाडाचं नाव, आणि मी त्याचा मुलगा. ओडोने शपथेवर हो म्हटलं की झालं. नाहीतरी इतकी वर्षं गाव खोटं बोलतच आलं आहे, त्यात आणखी एका दिवसाची भर. तो एका घराच्या छपरावर बसून पेंढ्या बसवत हे मनात घोळवत होता, तेवढ्यात खालून हाक आली.

"काय हो रॉबर्टचे चिरंजीव!"

शिडीखाली पॉलिन उभा होता.

"तुमचे वडील नव्वदीचे असतील नाही?" तो म्हणाला. "यादीत बघितलं मी. आत्ताच्या राजाच्या आजोबांच्याही आधी घर घेतलंय त्यांनी. आणि परवापर्यंत कुंडीत नाचत होते! काय खात होते?"

"तुला काय हवंय, पॉलिन?"

"मला? काही नाही. माझी आई तेव्हा रॉबर्टच्या शेजारी राहायची, ते घर पुढे पडलं. तिने त्याला गाडीवर घालताना पाहिलं, पाय लोंबत होते म्हणते. अजून धडधाकट आहे म्हातारी. कचेरीत आणतोय तिला. आता कुणी पवित्र ग्रंथावर हात ठेवून म्हटलं की तो याच वर्षी मेला..." पॉलिनने हात झटकले. "नरकात जाईल तो. शिवाय गावाला दंड होईल तो वेगळाच. मला आपलं वाटलं, ओडोकाकांना सांगून ठेवावं. वय झालंय त्यांचं."

तो शीळ घालत निघून गेला. हॅमनच्या हातातली पेंढी सुटून खाली पडली. रॉबर्ट म्हणावं तर म्हाताऱ्या ओडोला खोटी शपथ घ्यायला लावायची. जॉर्डन म्हणावं तर ज्याचं घर नाही अशा परक्या माणसाचा मुलगा ठरायचं. खरं बोललं तरी घर जातं आणि खोटं बोललं तरी घर जातं, मग माणसाने बोलायचं तरी काय? त्याला बापाचा भयंकर राग आला. मेला तो मेला, निदान एकाच नावाने मरायचं होतं!

तिसऱ्या पुकाऱ्याच्या दिवशी कचेरी गच्च भरली होती. मॅगोटाही आली होती, दारापाशी उभी होती. इडोनीला घरी थांब म्हटलं तर तिने ऐकलं नाही. एका कोपऱ्यात पॉलिनची आई स्टुलावर बसवलेली होती आणि ती आल्यागेल्याला विचारत होती, जेवण कधी आहे.

"रॉबर्ट वॉकर मयत!" पुकारा झाला. "तिसरा आणि शेवटचा!"

हॅमन पुढे गेला. कारभारी त्याच्याकडे बघून कंटाळला. "पुन्हा तू. आज कुणाचा मुलगा आहेस?"

लोक हसले. हॅमन काही बोलायच्या आत पॉलिन पुढे आला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. महामारी, गाडी, लोंबणारे पाय. त्याची आई मान हलवून हो हो म्हणाली. 

"म्होरके," कारभारी ओडोला म्हणाला. "शपथेवर सांगा. रॉबर्ट वॉकर मेला कधी?"

ओडोने ग्रंथावर हात ठेवला. त्याने तोंड उघडलं, मिटलं. बाकीचे अकरा पाचावर धारण बसल्यासारखे उभे होते.

"म्हणजे इतकी वर्षं इथे हजर कोण म्हणत होतं?" कारभाऱ्याचा आवाज चढला. "आणि तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं? कारकून, लिहून घ्या. ओढ्याकाठचं घर, वारस नाही, जमीन जहागिरीत जमा..."

"सरकार," हॅमन म्हणाला, "मग माझी गाय परत द्या."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं ते त्यालाही समजलं नाही. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"कसली गाय?"

"तांबडी. बाप गेला तेव्हा तुमचा शिपाई घेऊन गेला. कूळ मेल्यावर जनावर नेतात ना? रॉबर्ट छत्तीस वर्षांपूर्वी मेला म्हणता. माझा बाप कूळच नव्हता म्हणता. मग यंदा तुमचं कूळ कुठलं मेलं? गाय कशाची नेली?"

कारभाऱ्याने कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने नाक ओढलं, दुसरी गुंडाळी उलगडली आणि वाचलं, "ओढ्याकाठच्या घराचा वॉकर मेला म्हणून एक तांबडी गाय. जमा."

"पुढे नाव?"

"नाव नाही, सरकार. शिपाई येऊन एवढंच म्हणाला, वॉकर मेला. मी तेवढंच लिहिलं."

"गाय कुठे आहे?"

शिपाई डोकं खाजवू लागला. "ती... सरकार, ती ईस्टरला कापली. आपणही होतात पंगतीला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी कचेरी हसली. कारभारी हसला नाही. पण तो हिशेबी माणूस होता आणि दुपारही टळत चालली होती. चूक झाली म्हणावं तर ती जहागीरदाराच्या स्वतःच्या कातड्यावर, जहागीरदाराच्या शाईने लिहिलेली. रिवाजाची गाय एकदा घेतली, म्हणजे मेलेल्याला आपलं कूळ मानलं. ते आता नाकारायचं कसं? पॉलिन काही बोलू लागला, त्याला त्याने हातानेच गप्प केलं.

"पंचहो," तो सावकाश म्हणाला, "मी वेगळं विचारतो. नीट ऐका. ओढ्याकाठचा वॉकर, ज्याच्यापोटी गाय घेतली, तो मेला का?"

"मेला!" बाराही जण एकदम ओरडले. ओडोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही पाहिलंत?"

"आम्हीच पुरला, सरकार!"

"हा त्याचा मुलगा?"

"हो, हो, याचाच तो! म्हणजे त्याचाच हा!"

"आता तू सांग." कारभारी हॅमनकडे वळला. "हात ठेव इथे. कुणाचा मुलगा?"

हॅमनने ग्रंथावर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं. मॅगोटा त्याच्याकडेच बघत होती. तिचे ओठ हलले. जॉर्डन. इतक्या गर्दीतूनही त्याला ते स्पष्ट दिसलं. तिच्या मागे इडोनी पोटावर हात ठेवून उभी होती. जॉर्डन म्हटलं की कारकून पुन्हा बोट फिरवणार, पुन्हा म्हणणार असं कूळ नाही, आणि सापडलेली वाट बंद होणार. ज्या शब्दासाठी पोरांची डोकी फोडली, ज्याच्यापासून पळून छपरांवर जाऊन बसला, तो शब्द हॅमनने भर कचेरीत स्वतःच्या तोंडाने उच्चारला.

"वॉकरचा."

"पहिलं नाव काय घालू?" कारकुनाने विचारलं.

"गाईच्या वेळी लागलं नाही, आता कशाला हवं?" कारभारी खेकसला. "वॉकर लिही. आणि हा हॅमन वॉकर."

"पण सरकार, मी छपरं शाकारतो. मी कधी त्या कुंडीत..."

"घर वॉकरचं आहे, तू त्या घराचा आहेस. हवं तर मासे पकड, मला काय करायचंय?" त्याने पांढरी छडी पुढे केली. हॅमनने रिवाजाप्रमाणे तिचं दुसरं टोक धरलं, आणि घर त्याचं झालं.

पंचांनी त्याला गराडा घातला. ओडोने तर त्याला मिठी मारली आणि सगळ्यांना दारू पाजायचं कबूल केलं, जे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. इडोनी हसत होती आणि रडतही होती. हॅमनने गर्दीतून आईला शोधलं. ती तिथे नव्हती.

ती त्याला ओढ्याच्या वाटेवर सापडली. भराभर चालत होती. त्याने तिला गाठलं तरी ती थांबली नाही.

"आई, मी म्हणणार होतो. शपथ सांगतो, जिभेवर आलं होतं. पण जॉर्डन म्हटलं असतं तर..."

"घर गेलं असतं. कळतं मला. मी काय खुळी आहे?"

"मग अशी का निघून आलीस? माझा बाप होता तो. त्याचं नाव मला घेता आलं नाही, मला काय बरं वाटतंय?"

मॅगोटा थांबली. "ते त्याचं नाव नव्हतंच," ती म्हणाली.

हॅमन तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं आता आपल्याला खरंच वेड लागणार.

"माझ्या भावाचं होतं," ती म्हणाली. "थोरला भाऊ, जॉर्डन. महामारीत गेला. मागावर त्याचं कापड अर्धं राहिलं होतं, ते मी विणून पुरं केलं आणि तुडवायला घेऊन आले. हा कुंडीत होता. मी विचारलं, नाव काय तुझं, हाक काय मारू? म्हणाला, ओडो रॉबर्ट म्हणतो. मी म्हटलं, रॉबर्टला मी ओळखत होते, मला त्या नावाने हाक मारवणार नाही. म्हणाला, मग तुला मारवेल ती मार. माझ्या तोंडून भावाचं नाव निघालं. त्याने वर बघितलं, ओ दिली, आणि पुन्हा तुडवायला लागला."

"आणि त्याचं खरं नाव?"

"माझ्या भावाला खड्ड्यात टाकलं, हॅमन. चाळीस जणांबरोबर. त्याचं नाव घ्यायला कुणी नव्हतं, पाद्रीसुद्धा त्याच खड्ड्यात होता. मला वाटलं होतं, आज तरी चार लोकांत कुणी मोठ्याने जॉर्डन म्हणेल. एकदा लिहिलं जाईल कुठेतरी." तिने पदरासारखा ओढून घेतलेला डोक्यावरचा रुमाल नीट केला. "तुझ्या बापाशी मी लग्न केलं होतं ते, त्याला हाक मारली की भाऊ आहे असं वाटायचं म्हणून. आधी त्यासाठीच. मग नंतर त्याच्यासाठी."

"आई, त्याचं खरं नाव काय होतं?"

"विचारलं होतं मी. अगदी शेवटच्या दिवशी. म्हटलं, आता तरी सांग, तुला काय म्हणायचे तुझ्या घरी? तर हसला. म्हणाला, मॅगोटा, आता कशाला? तू हाक मारलीस की मी येतोच ना."

आणि बाप गेल्यापासून एकदाही न रडलेली मॅगोटा तिथेच वाटेच्या कडेला गवतात बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. भावासाठी रडते आहे की नवऱ्यासाठी, हे हॅमनला कळेना. तिलाही ते ठाऊक असेल असं वाटत नव्हतं. तिची समजूत काढायला काहीतरी म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण गेलेल्या माणसाला काय म्हणायचं तेच त्याला सुचेना. शेवटी तोही तिच्या शेजारी बसला आणि रडला.